डोळे भरून येण्याचे दिवस

आपल्याकडे लॅसिक कोणी म्हणत नाही. ‘चष्मा काढायचं ऑपरेशन’ म्हणतात. नाव तसं चुकीचं नाही, फक्त त्यात काढण्याचीच गोष्ट आहे, भरून येण्याची नाही. नागपूर, अमरावती, अकोला, जिथे कुठे मशीन असेल तिथे टेबलावर दोन्ही डोळे मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि त्यातही प्रत्यक्ष लेझर एका डोळ्यावर चालतो तो बहुधा मिनिटभराच्या आतच. मग हातात एक पिशवी येते. थेंबांच्या तीन बाटल्या, काळा गॉगल, रात्री डोळ्यांवर लावायच्या भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या वाट्या, चिकटपट्टी आणि एक छापील कागद. कागदावर लिहिलेलं असतं: धूळ, धूर, ऊन, पाणी टाळा.

हा कागद फ्लॅटमध्ये राहून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो. दारव्हा, रिसोड किंवा चामोर्शीकडच्या एखाद्या गावात तो जशाच्या तसा पाळायचा म्हटला तर माणसाला तीन महिने कोनाड्यात बसवावं लागेल. तसं कोणी बसत नाही. मग काय होतं, सगळं पाळता येत नाही म्हणून सगळंच सोडून दिलं जातं, आणि चौथ्या दिवशी गडी दुपट्ट्याने डोळे पुसत थ्रेशरपाशी उभा असतो. म्हणून त्या कागदातला एकेक शब्द सुटा करून पाहायला हवा. कोणती धूळ, कोणतं पाणी, किती दिवस आणि कशासाठी.

आधी कापतात काय, ते. बुबुळावर काचेसारखं जे पारदर्शक पटल असतं, कॉर्निया, त्याची मधली जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त. त्यातली वरची पन्नासेक मायक्रॉनची साल सतत झडते आणि नवी येते. लॅसिकमध्ये या पटलाचा १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा गोल पापुद्रा उचलतात, एका बाजूने तो बिजागरीसारखा लागलेला ठेवतात, खालच्या भागावर लेझर चालवतात आणि पापुद्रा परत झाकतात. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. उणे चार नंबर असेल तर पापुद्र्याचे ११० आणि लेझरचे ६० वजा जाऊन खाली ३७० उरतात. खालची ही उरलेली जाडी २५० च्या खाली जाऊ द्यायची नाही, हा जुना दंडक. हल्ली पुष्कळ डॉक्टर ३०० धरून चालतात. पटल मुळातच पातळ असेल किंवा तपासणीच्या रंगीत नकाशात खालच्या बाजूला फुगवटा दिसत असेल तर ‘तुमचं होणार नाही’ असं सांगितलं जातं. तो नकार देणारा डॉक्टर चांगला. दुसरीकडे जाऊन हो म्हणवून घेण्यात शहाणपण नाही.

टेबलावर जळक्या केसांसारखा वास येतो आणि पुष्कळजण तिथेच धास्तावतात. डोळा जाळत नाहीत. हा लेझर १९३ नॅनोमीटरचा, अतिनील. तो रेणूंमधले बंध तोडतो आणि तो कण वाफेसारखा उडून जातो, शेजारच्या भागाला उष्णता जवळजवळ लागत नाही. हे ज्या प्रयोगातून कळलं तोही गमतीचा आहे. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत भारतात जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन सणाच्या जेवणातून उरलेली टर्की घेऊन आले, आणि तिच्यावर या लेझरने खाच पाडून पाहिली. कडा स्वच्छ निघाल्या, करपल्या नाहीत. आज डोळ्यावर जे चालतं त्याचं मूळ त्या उष्ट्यात आहे.

आता खरी गोष्ट. लॅसिकचा पापुद्रा टाक्यांशिवाय बसतो. कडेवर वरची साल एका दिवसात चढते, दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं, आणि माणसाला वाटतं झालं. पण आतून तो पापुद्रा मूळच्या ताकदीने कधीच चिकटत नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी मार लागून तो सरकल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शहरात असा मार क्वचित लागतो. गावात तो रोज डोळ्यासमोरून जातो: धार काढताना गाईच्या शेपटीचा फटका, वैरण टाकताना बैलाचं शिंग, तुरीच्या ओळीतून जाताना मागे उसळलेली फांदी, ज्वारीच्या पात्याची धार, कडेवरच्या लेकराचं नख. ज्याचं काम वावरात किंवा गोठ्यात आहे, जो कबड्डी किंवा कुस्ती खेळतो, त्याने लॅसिकच्या आधी पीआरके विचारावं. त्यात पापुद्रा नसतो, वरची साल बाजूला करून थेट लेझर मारतात, त्यामुळे पुढे सरकण्यासारखं काही उरत नाही. स्माइल नावाच्या पद्धतीतही मोठा पापुद्रा नसतो, दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून आतली चकती ओढून काढतात. पण तिचं मशीन सगळीकडे नसतं आणि खर्चही जास्त.

पीआरकेची किंमत मात्र पहिल्या पाच दिवसांत मोजावी लागते. साल काढलेला डोळा म्हणजे खरचटलेला गुडघा, फक्त तो पापणीखाली आहे आणि पापणी दिवसभर त्यावरून फिरते. म्हणून वर पट्टीसारखी एक मऊ लेन्स ठेवून देतात. पहिली रात्र चुरचुरीत जाते. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात वाईट: डोळ्यांतून धारा, उजेड सहन होत नाही, नाक वाहतं, जेवण सुचत नाही. गोळी वेळेवर घ्यायची आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, याला दुसरा उपाय नाही. सुन्न करायचे थेंब डॉक्टरांनी टेबलावर वापरलेले असतात. दुखतं म्हणून कोणी ते मेडिकलमधून आणून घरी घालत बसला तर नवी साल चढतच नाही.

एक गोष्ट आधी सांगून ठेवत नाहीत म्हणून घरात रडारड होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नजर पहिल्या दिवसापेक्षाही खराब होते. कारण साधं आहे. नवी साल चारी बाजूंनी सरकत मध्यावर येते, आणि जिथे ती मिळते तिथे काही दिवस उंचवटा राहतो, अगदी नजरेच्या वाटेवर. आठवडाभरात तो सपाट व्हायला लागतो, कामापुरतं दिसतं, आणि अक्षर कोरीव दिसायला महिना ते तीन महिने जातात. लेन्स चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरच काढतात. ती आपोआप निघून पडली तर धुऊन परत घालायची नाही, फोन करायचा. म्हणून पीआरके असेल तर पाच दिवस शहरातच मुक्काम करावा, मामाकडे, बहिणीकडे, कुठेही. गडचिरोलीहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर एसटीच्या खिडकीतला वारा खात ये-जा करण्यात पहिल्या भाड्याइतकीही बचत नाही. गावाला परततानाही खिडकीची जागा नको, मधल्या रांगेत बसावं, काळी-पिवळीत मागे तोंड करून बसावं. मोटरसायकलवर मागे बसायचंच झालं तर बाजूने बंद असलेला गॉगल हवा.

थेंबांचं काम सोपं वाटतं आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. हात साबणाने धुवायचे, नुसते पाण्याने नाही. खर्रा घोटलेली बोटं, मिरची चिरलेली बोटं किंवा दुपारी फवारणीचा पंप हाताळलेली बोटं डोळ्याला लागली तर पुढचा तास कसा जातो ते विचारू नये. मान मागे टाकायची, खालची पापणी बोटाने जराशी ओढून तिची पन्हळ करायची, नजर वर, आणि बोटभर अंतरावरून एकच थेंब त्या पन्हळीत. बुबुळावर नेम धरायचा नाही, बाटलीचं टोक पापणीला टेकवायचं नाही. दोन थेंब टाकून औषध दुप्पट होत नाही. डोळ्याच्या कडेत मावतं साधारण ३० मायक्रोलीटर आणि बाटलीतला एक थेंबच त्याहून मोठा असतो, दुसरा गालावरूनच जातो. मग डोळा हलकेच मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरायचं. घशात कडू लागलं तर समजावं, औषध नाकाच्या वाटेने पोटात गेलं. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं. दुधाळ पांढरी बाटली असेल तर ती आधी हलवायची, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी.

त्या तीन बाटल्या तीन वेगळ्या कामांच्या. एक जंतूंसाठी, साधारण आठवडाभर. दुसरी स्टेरॉइडची, लॅसिकमध्ये एक-दोन आठवडे, पीआरकेमध्ये हळूहळू कमी करत दोन-तीन महिने. तिसरी कृत्रिम अश्रूंची, आणि हीच सर्वांत जास्त दिवस चालते. कापताना पटलातल्या बारीक नसा तुटतात. त्या परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर डोळ्याला आपण कोरडे पडलोय याची खबरच नीट लागत नाही आणि पापणी कमी लवते. गंमत अशी की कोरडा डोळा वाहतो. सुक्या पटलाला टोचणी लागली की पाण्याचा लोंढा येतो, पण त्या पाण्यात ओलावा धरून ठेवायचा गुण नसतो. ‘पाणी येतंय म्हणजे कोरडेपणा कसा’ म्हणून थेंब बंद करणारे दर गावात भेटतील. पहिले काही आठवडे दिवसातून सहा-आठ वेळा घालायचे असतील तर परिरक्षक (औषध टिकावं म्हणून घातलेलं रसायन) नसलेले, एकेका वेळच्या छोट्या नळ्यांतले घ्यावेत. रोज इतक्यांदा परिरक्षक डोळ्यात गेलं तर तेच पटलाला खुपतं.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या घरात त्याहून जास्त. बाटलीवर मात्र लिहिलेलं असतं २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा. फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज नसेल किंवा लाइनचा भरवसा नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ओलं फडकं चांगलंच गार राहतं. माठाच्या आत सोडायची नाही. उघडलेल्या बाटलीवर त्या दिवसाची तारीख पेनाने लिहावी आणि महिना झाला की उरलेलं औषध फेकून द्यावं.

हे फेकणं जिवावर येतं, आणि इथे मात्र हात आखडता घेऊ नये. स्टेरॉइडची उरलेली बाटली हा घरातला सगळ्यात वाईट ऐवज आहे. घरात कोणाचा डोळा लाल झाला की ‘भाऊच्या ऑपरेशनची दवाई हाय ना’ म्हणून ती निघते. आता समजा, त्या माणसाच्या डोळ्याला तुरीची फांदी लागली आहे, किंवा धानाचं कूस गेलं आहे. अशा जखमेतून बुरशी शिरते, फ्युजेरियम, अस्परजिलस, मातीत आणि सडक्या काडीकचऱ्यात असणारीच. स्टेरॉइडने दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी मोकळी वाढते. आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तेव्हा दिवस निघून गेलेले असतात. शिवाय स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यातला दाब चढतो. दुखत नाही, कळत नाही. पीआरकेनंतर ही बाटली चालू असेपर्यंत दर महिन्याला दाब मोजून घ्यायचा तो यासाठी.

आता धूळ. सगळी धूळ सारखी नसते. पांदणीवरची माती डोळ्यात गेली की पाण्याने वाहून निघते. सोयाबीनचं कुटार वेगळं, त्याला बारीक लव आणि टोकं असतात, ती पापणीच्या आतल्या बाजूला रुततात आणि प्रत्येक उघडझापीला पटलावर ओरखडा काढतात. तुरीचं कुटारही तसंच. थ्रेशरच्या उडत्या तोंडासमोर तर चांगल्या डोळ्यानेही उभं राहू नये, नव्या डोळ्याने निदान महिनाभर त्या खळ्याकडे फिरकूच नये. कापूस वेचणी त्या मानाने बरी, पण बोंडाची वाळलेली टोकं आणि पऱ्हाटीच्या काड्या वाकताना नेमक्या डोळ्याच्या उंचीवर येतात. दोन आठवड्यांनी वेचायला जायचं तर साधा पारदर्शक, बाजूने झाकलेला चष्मा लावून. फवारणी महिनाभर दुसऱ्याकडे द्यावी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली तेव्हापासून गॉगल-मास्कबद्दल पुष्कळ बोललं गेलं, तरी धुऱ्यावर अजून दुपट्टाच दिसतो. औषधाने भिजलेला दुपट्टा डोळ्याजवळ असण्यापेक्षा नसलेला बरा.

कण गेलाच तर चोळायचं नाही. लॅसिकच्या पहिल्या आठवड्यात चोळल्याने पापुद्र्याला सुरकुती पडते आणि तो परत उचलून सरळ करावा लागतो. कृत्रिम अश्रूंच्या दोन-तीन नळ्या ओतून डोळा धुवायचा. तरी खुपत राहिलं तर डॉक्टर. पदराच्या टोकाने, जिभेच्या शेंड्याने कचरा काढून देणारी हातखंडा माणसं गावोगावी आहेत, त्यांना या वर्षी रामराम करावा. मध, तूप, एरंडेल, काजळ, यांनाही.

यावरून ऑपरेशन कधी करायचं हे ठरतं, आणि लोक नेमकं उलटं ठरवतात. कॉलेजच्या सुट्ट्या म्हणून मे महिन्यात गर्दी होते. कोरडी हवा, वावटळी, आणि पीआरके केलेल्याला अतिनील किरणांनी पटलावर धुरकट डाग येण्याची भीती. डॉक्टर टेबलावर मायटोमायसिन नावाचं औषध लावून ती कमी करतात, पण पुढचे तीन-चार महिने उन्हात अतिनील किरण अडवणारा चांगला यूव्ही ४०० चा गॉगल लागतोच, बाजारातला वीस रुपयांचा नव्हे. काळी काच बाहुली मोठी करते, आणि काचेने अतिनील अडवलं नाही तर ते जास्तच आत जातं. सप्टेंबरअखेर ते दिवाळी मळणी सोयाबीनची, जानेवारी-फेब्रुवारी तुरीची. उरतो जूनचा शेवट ते जुलैचा मध्य: पेरणी आटोपलेली (दुबार नशिबी आली नाही तर), धूळ बसलेली, हवा ओली, ऊन ढगाआड, फवारणीला अजून वेळ. एकच सांभाळायचं, याच सुमारास डोळे येण्याची साथ फिरते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर महाराष्ट्रभर पसरली होती. घरात कोणाचे डोळे आले असतील तर तारीख पुढे ढकलावी, आणि ऑपरेशननंतर टॉवेल, उशी, रुमाल वेगळे ठेवावेत.

पाण्याचं थोडक्यात. आठवडाभर आंघोळ मानेखालून. डोकं धुवायचं तर सलूनमध्ये टाकतात तशी मान मागे टाकून, आणि पाणी दुसऱ्याने ओतायचं. विहीर, तलाव, कालवा, नदी महिनाभर बंद. त्या पाण्यात अमीबासारखे जीव असतात आणि ते एकदा पटलात शिरले की महिनोन्‌महिने निघत नाहीत. कूलर चालेल, खोलीत ओलावा आणतो तो. फक्त त्याची झडप खाटेवरून दुसरीकडे वळवावी आणि टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं. निजताना त्या प्लास्टिकच्या वाट्या आठवडाभर चिकटवायच्याच, शेजारी लहान मूल निजत असेल तर त्याहून जास्त दिवस.

रात्रीची नजर सगळ्यात उशिरा बसते. लेझरने दुरुस्त केलेला मधला भाग साधारण सहा-साडेसहा मिलिमीटरचा, आणि गावच्या अंधारात तरुण माणसाची बाहुली तेवढी किंवा त्याहूनही मोठी होते. मग समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती खळं दिसतं, चंद्राला असतं तसं. बहुतेकांना ते तीन महिन्यांत विरतं, मोठ्या नंबराच्या काहींना थोडं राहतं. तोवर रात्री गाडी चालवू नये. आपल्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली ट्रॉली असते, एलईडी डोळ्यांत मारत येणारा ट्रक असतो, आणि मधेच रोही (नीलगाय) आडवा येतो. जागलीलाही महिनाभर दुसरा कोणी जावा.

भरतीसाठी ऑपरेशन करणाऱ्या पोरांनी आधी जाहिरातीतली वैद्यकीय अट शब्दशः वाचावी. खात्याखात्यांत नियम वेगळे. रेल्वेत लोको पायलटच्या पदाला लॅसिक केलेला उमेदवार चालत नाही, मग नजर कितीही चांगली असो. वर्षभर नंबर स्थिर नसताना, अठरा पूर्ण झाल्या झाल्या घाईने करून घेतलं तर दोन वर्षांत नंबर परत येतो आणि पैसेही गेलेले असतात. आणि चाळिशीनंतर जवळचं वाचायला चाळीशी लागतेच. ते ऑपरेशन फसल्याचं लक्षण नव्हे, डोळ्यातलं भिंग ताठर झाल्याचं आहे.

कमी होत चाललेलं दुखणं अचानक वाढलं, दिसत होतं ते धूसर झालं, लाली चढली, चिपडं यायला लागली, किंवा डोळ्याला मार बसला, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं, पहिली एसटी मिळेल ती. पहिल्या आठवड्यात पापुद्र्याखाली सूज किंवा जंतू धरले तर इथे तासांचा हिशेब असतो.

राहता राहिली ती फाईल. ऑपरेशनआधीचा नंबर, पटलाची वक्रता, जाडी आणि किती मायक्रॉन काढले, हे चार आकडे साठीत लागतात. मोतीबिंदू झाला की आत टाकायच्या भिंगाची ताकद पटलाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेझर केलेल्या डोळ्यात नेहमीचं गणित चुकतं. जुने आकडे असले तर ते सावरता येतं. पातळ पटलावर दाबही कमी दाखवतो, त्यामुळे काचबिंदू तपासणाऱ्यालाही हे सांगावं लागतं. फाईल सातबाऱ्याच्या पिशवीत, पेटीत ठेवावी. मशीनमधून निघालेल्या त्या गुळगुळीत चिठ्ठ्यांची मात्र आधी झेरॉक्स काढावी. तो थर्मल कागद असतो, टिनाखालच्या पेटीत दोन उन्हाळ्यांत कोरा होतो.